नोकरी सोडून एमबीबीएसला जाताय? आधी एलसी आणा

पहिलं काम अभ्यासाचं नाही. ज्या कॉलेजातून डिग्री घेतली तिथे जा आणि एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढून आणा. नोकरी देणारे मार्कलिस्ट आणि डिग्री बघतात, एलसी कुणी विचारत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तिथेच पडून राहते. मेडिकल कॉलेज मात्र प्रवेशाच्या वेळी मूळ एलसी मागतं. मी सीट लागल्यावर धावलो, म्हणून सांगतोय.

वयाची चिंता सोडा. एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे नीट-यूजीची, कमाल वयाची अट २०२२ मध्येच गेली.

बारावीची मार्कलिस्ट काढून विषय बघा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवेत. खुल्या गटाला पीसीबीत एकत्रित ५० टक्के, राखीव गटांना ४०. इंजिनिअरिंगला गेलेल्या कित्येकांनी बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं असतं. तरी दार बंद नाही: बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डाची बायोलॉजीची परीक्षा दिलेली चालते, हे एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. पण आधी ती परीक्षा, मग नीट. म्हणजे एक वर्ष जास्तीचं धरा.

अभ्यासाचं सगळ्यांना ठाऊक असतं. एनसीईआरटीची पुस्तकं, आणि पुन्हा एनसीईआरटी. ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीचे, तेव्हा फिजिक्स येतंय या गुर्मीत राहू नका. पुस्तकं नवीच घ्या, २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम बदललाय.

एलसी आणली का? नाही ना? 'निकाल लागू दे, मग बघू' हेच नडतं. एलसीच्या आधी नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा कागद, आणि नो ड्यूजवर लायब्ररी, वर्कशॉप, हॉस्टेल, अकाउंट्स अशा सगळ्यांच्या सह्या. लायब्ररीत तुमच्या नावावर एखादं पुस्तक निघतं, जे तुम्ही कधीच परत केलं असं तुम्हाला वाटत असतं. दंड भरा, पावती आणा, तोवर अकाउंट्सचा माणूस जेवायला गेलेला. काऊन्सेलिंगमध्ये, म्हणजे जागावाटपात, सीट लागल्यावर रिपोर्टिंगला मोजके दिवस मिळतात, त्यात हे बसत नाही. एलसी हरवली असेल तर डुप्लिकेटसाठी प्रतिज्ञापत्र करा, तेही आत्ताच. झेरॉक्स चालत नाही, स्कॅन चालत नाही, 'नंतर आणून देतो' तर अजिबात नाही.

बाकीचे कागद: मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र, डोमिसाईल, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, जुनं दाखवून भागत नाही. राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी-बारावीही महाराष्ट्रातून लागते.

पैशांचा हिशेब साडेपाच वर्षांचा मांडा: साडेचार शिक्षणाची, एक इंटर्नशिपचं. स्टायपेंड मिळतो तो शेवटच्या वर्षी. घरच्यांशी बोलायचं ते हा आकडा समोर ठेवून.

नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल तर कंपनीशी आधीच बोला. फॉर्मवर नाव दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणे. ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांसाठी केंद्राच्या एमसीसीकडे (मेडिकल काऊन्सेलिंग कमिटी) आणि राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राच्या सीईटी सेलकडे नोंदणी वेगवेगळी करायची, एक केली की दुसरी आपोआप होत नाही. हॉस्टेल, अ‍ॅप्रन वगैरे नंतर बघता येतं.