वळवाचं आभाळ भरून आलं की या चुका टाळा

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या वसमत भागात मार्च-एप्रिलमध्ये खळ्यावर हळद असते. शिजवायची, ताडपत्रीवर पसरून पंधरा दिवस वाळवायची, मग चकाकी आणायला ढोलाला घालायची. वर्षभराचा पैसा उघड्यावर पडलेला असतो आणि वळीव नेमका याच दिवसांत गाठतो. दोन वर्षांपूर्वी असंच झालं. दुपारी साडेतीनला पहिला टपोरा थेंब पडला आणि माझी काकू हळद गोळा करायला खळ्यावर धावली, मागोमाग चुलत भाऊ. खळ्यापासून पन्नास पावलांवरच्या कडुलिंबावर वीज पडली. शेंड्यापासून बुडापर्यंत सालीचा एक पट्टा सोलून निघाला, त्याच्या चिपा हळदीत येऊन पडल्या. काकूच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या, ती जागीच बसली. रात्रीपर्यंत तिला एका कानाने ऐकू येत नव्हतं. वाचली, हे नशीब. हळद भिजली ती जेमतेम दोन पोती.

त्या दिवसाचा हवामान विभागाचा पिवळा इशारा सकाळीच घरातल्या तिघांच्या मोबाईलवर आलेला होता. तिघांनीही तो वाचला होता आणि सगळेच पाऊस सुरू व्हायची वाट बघत होते. मराठवाड्यात उन्हाळ्यात वीज पडून माणसं जातात ती अनेकदा याच चुकीने. वीज पावसाच्या आधीही येते.

अंदाज वाचताना होणारी गल्लत

हवामान विभाग मार्चच्या तोंडावर मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज देतो. त्यात ‘तापमान सरासरीपेक्षा जास्त’ असं वाचलं की लोक धरून चालतात, यंदा कोरडा उन्हाळा, वादळाची भीती नाही. खरं तर तापलेली जमीन हेच वळवाचं इंधन. परभणी-नांदेडला पारा चाळिशीपार गेलेला असतो, त्यात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प येतं, वर विदर्भापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा पसरलेला असला की दुपारनंतर ढग बघता बघता उंच चढतात. शिवाय हा तीन महिन्यांचा अंदाज सरासरीचा असतो. मंगळवारी दुपारी तुमच्या शिवारात काय होईल, हे त्यात शोधायचं नसतं.

‘तुरळक ठिकाणी’ या शब्दाने तर फार नुकसान केलंय. आपण त्याचा अर्थ हलका पाऊस असा घेतो. त्याचा संबंध जोराशी नाही, जागेशी आहे: त्या भागातल्या पावसाच्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर पाऊस होईल, एवढंच तो शब्द सांगतो. ज्या गावावर येईल तिथे वारा, गारा, वीज सगळं पूर्ण ताकदीने येतं. शेजारच्या गावात ऊन असतं, म्हणून ‘काल सांगितलं होतं, काही झालं नाही’ असं म्हणत पुढचा इशारा सोडून देऊ नका.

पिवळ्या रंगाचंही तसंच. पिवळा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. रंग पूर्ण जिल्ह्यासाठी असतो. पिवळ्या इशाऱ्यातली वीज लाल इशाऱ्यातल्या विजेपेक्षा सौम्य नसते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघूनच हळदीचा नवा घाणा शिजवायला घ्यावा. आणि ज्या दिवशी इशारा असेल त्या दिवशी दुपारी एकच्या आत हळदीचे ढीग करून ताडपत्री बांधून मोकळं व्हावं. एक दुपार वाळवण बुडतं, बुडू द्या. ताडपत्रीच्या कडांवर नुसते दगड ठेवून भागत नाही, दोरीने आवळा. काकूच्या घरी आता हाच नेम आहे.

आभाळ गडगडायला लागल्यावर

शेतात नेटवर्क मिळत असेल तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप ठेवा. २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असली तर ते दाखवतं. नेटवर्क नसेल तर मोजा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे, हातातलं काम टाकून निघा. उकाड्यात अचानक गार वारा सुटला, धूळ उठली, तरी तेच. ढगातून खाली कोसळलेला तो वारा पावसाच्या पुढे धावतो. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस उघडला म्हणून लगेच बैल सोडायला जाणारी माणसं मागच्या बाजूच्या विजेला सापडतात.

थांबायचं कुठे, यात सगळ्यात जास्त चुका होतात. झाडाखाली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी थेंब लागले की पाय तिकडेच वळतात. चारी बाजूंनी उघडा आखाडा, म्हणजे शेतातली खोप, पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. पक्कं घर, शाळा, नाहीतर काचा बंद केलेली जीप-कार. ट्रॅक्टर आणि मोटारसायकलवरून उतरा. काहीच जवळ नसेल तर सखल जागी, तारेच्या कुंपणापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा, कान झाका. आडवं पडू नका, कारण जमिनीतून पसरणारा प्रवाह अंगभर जातो. चार जणं असाल तर अंतर ठेवून बसा. हा शेवटचा उपाय आहे, याने धोका फक्त थोडा कमी होतो. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झाडाखाली बांधलेली बैलजोडी एकदम जाते. त्यांनाही दुपारीच गोठ्यात आणा.

मोबाईल वीज ओढतो, हा गैरसमज आहे. घरात मात्र चार्जरला लावलेला फोन धरू नका, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावायला तर मुळीच जाऊ नका.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहतो, असं समजून लोक त्याला हात लावत नाहीत. करंट राहत नाही. श्वास बंद असेल तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करा. ती पहिली काही मिनिटं फार मोलाची असतात. आणि दुर्दैवाने माणूस गेलाच, तर शवविच्छेदन आणि पंचनामा झाल्याशिवाय अंत्यविधी करू नका. वारसांना शासनाची चार लाखांची मदत मिळते, ती याच कागदांवाचून अडते.

पत्र्यावरचे दगड

वारा पत्रे उडवू नये म्हणून घराघरांवर दगड ठेवलेले दिसतात. वावधानात पत्रा उचलला जातो आणि तो दगड खाली झोपलेल्या लेकरावर येतो. उन्हाळा लागताच दगड उतरवा, पत्रे हुक आणि वायसरने अँगलला घट्ट करा. हुक मिळेपर्यंत जाड तारेने आडव्या लाकडाला बांधा आणि तोवर लेकरांची अंथरुणं दगडांच्या खाली टाकू नका.