क्यूटीचे अ‍ॅप एका मशीनवर चालते, दुसऱ्यावर अडते: दोष नेमका कुठे ते असे शोधा

बडोद्यात कलाभवनातला विद्यार्थी उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) क्यूटी वापरून, म्हणजे एकाच कोडमधून विंडोज आणि लिनक्स दोन्हींसाठी बांधता येणाऱ्या साधनसंचात, अ‍ॅप लिहितो, ते चालवायचे असते मांडवीतल्या दुकानाच्या विंडोज लॅपटॉपवर, आणि फॉर्मवर मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही हव्या असतात. अशा वेळी काही बिघडले की ‘विंडोज असेल तर हे, लिनक्स असेल तर ते’ अशा अटी कोडमध्ये घालण्याचा मोह होतो. तो आवरा. तुमचा कोड, क्यूटीची लायब्ररी, प्लॅटफॉर्म प्लगिन (क्यूटीला त्या सिस्टिमशी जोडणारी फाइल), त्याखाली विंडो सिस्टिम आणि ग्राफिक्स ड्रायव्हर असे हे थर आहेत. दोष कोणत्या थरात आहे हे ठरल्याशिवाय कोडला हात लावू नका.

सुरुवात तुलनेने करा. क्यूटीच्या बिन फोल्डरमधला क्यूटीडायग हा माहिती छापणारा प्रोग्राम दोन्ही मशीनवर चालवा आणि आवृत्ती, प्लगिनचे नाव, स्क्रीनचे स्केलिंग व ओपनजीएलची (ग्राफिक्सची) माहिती शेजारी ठेवून पाहा. यातली आवृत्ती, प्लगिनचे नाव आणि स्क्रीनचे गुणोत्तर अ‍ॅपच्या माहितीच्या खिडकीतच दाखवायची सोय ठेवा, म्हणजे दुकानदाराला फोनवर विचारता येते. (पुढे येणारी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्राम चालवण्याआधी सिस्टिममध्ये द्यायच्या किमतींची, नावे टाइप करताना इंग्रजी मोठी अक्षरे आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर वापरा.)

अ‍ॅप उघडतच नसेल तर आधी क्यूटी डीबग प्लगिन्स या व्हेरिएबलला १ ही किंमत देऊन टर्मिनलमधून चालवा. कोणता प्लगिन कुठे शोधला आणि का नाकारला हे ओळीओळीने दिसते. लिनक्सवर एक्ससीबी (एक्स११ या विंडो सिस्टिमशी जोडणारा) प्लगिन ‘सापडला, पण लोड झाला नाही’ असा संदेश आला की लोक पाथ बदलत बसतात. सापडला म्हणजे पाथ बरोबरच आहे; त्या प्लगिनला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी मशीनवर नाही. प्लॅटफॉर्म्स फोल्डरमधल्या एक्ससीबीच्या फाइलवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररींची यादी दाखवणारी आज्ञा) चालवा आणि ‘नॉट फाउंड’ असलेल्या ओळी वाचा. क्यूटी ६.५ पासून लिबएक्ससीबी-कर्सर० हे पॅकेज लागते आणि बहुतेकदा तेच गायब असते. संदेशातल्या पाथमध्ये सीव्ही२ दिसले तर कारण वेगळे आहे: पायथॉनच्या ओपनसीव्हीने (चित्रांवर काम करणारी लायब्ररी) स्वतःबरोबर आणलेले प्लगिन तुमच्या क्यूटीच्या आड येत आहेत. बसवलेले ओपनसीव्ही काढून त्याची हेडलेस (खिडक्या नसलेली) आवृत्ती बसवा.

विंडोजवर रिलीज बिल्डच्या ईएक्सईवर विनडिप्लॉयक्यूटी (लागणाऱ्या फाइली गोळा करणारे क्यूटीचे साधन) चालवा. त्यातून प्लॅटफॉर्म्स नावाचे फोल्डर आणि त्यात क्यूविंडोज डीएलएल तयार होते. ती डीएलएल नुसती ईएक्सईशेजारी ठेवून भागत नाही, प्लॅटफॉर्म्स या फोल्डरमध्येच हवी. मिनजीडब्ल्यू आणि एमएसव्हीसी या दोन कंपायलरांच्या फाइली किंवा डीबग आणि रिलीजच्या फाइली एकत्र झाल्या तरी अ‍ॅप उठत नाही. ही तपासणी क्यूटी कधीच न बसवलेल्या मशीनवर करा, कारण तुमच्या मशीनवर राहिलेली फाइल पाथमधून गुपचूप मिळून जाते. दुकानात अजून विंडोज ७ असेल तर क्यूटी ६ चा नाद सोडा, तिथे ५.१५ हीच शेवटची आवृत्ती. लिनक्सवर बिल्ड नेहमी सगळ्यांत जुन्या मशीनवर करा: उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३५ आहे आणि २०.०४ मध्ये २.३१, त्यामुळे नव्यावर बांधलेले अ‍ॅप जुन्यावर अडू शकते, उलटे सहसा होत नाही.

खिडकी उघडते पण आत काळे किंवा कोरे दिसते, आणि अ‍ॅप क्यूएमएलमध्ये (खिडक्या लिहिण्याची क्यूटीची भाषा) आहे? क्यूटी क्विक बॅकएंड या व्हेरिएबलला सॉफ्टवेअर ही किंमत द्या. चित्र नीट आले तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. खिडकी कोडमधून मूव्ह करूनही जागची हलत नसेल तर क्यूटी क्यूपीए प्लॅटफॉर्मला एक्ससीबी देऊन पाहा. तसे केल्यावर हलली तर तुम्ही वेलँड या नव्या विंडो सिस्टिमवर आहात, आणि तिथे मुख्य खिडकीची जागा अ‍ॅपने ठरवायची नसते. हा दोष नाही, नियम आहे. खिडकीची जागा लक्षात ठेवणारा कोड तिथे सोडून द्या.

लॅपटॉपवर १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग असले की बटणे आणि रेषा बिघडतात. क्यूटी ५ मध्ये हाय डीपीआयचा (दाट पिक्सेलच्या पडद्यांसाठीचा) गुणधर्म क्यूअ‍ॅप्लिकेशन तयार होण्याआधी लावावा लागतो; नंतर लावला तर उपयोग नाही. क्यूटी ६ मध्ये तो कायम चालू असतो आणि १.२५ सारखे अपूर्णांक जसेच्या तसे घेतले जातात. क्यूटी ५ ते गोल करत असे, म्हणून आवृत्ती बदलताच मांडणी हलते. तपासायला दुसरी स्क्रीन नको, क्यूटी स्केल फॅक्टरला १.२५ द्या.

आता अक्षरे, जिथे आपल्याकडे सर्वाधिक वेळ जातो. फॉन्टचे नाव कोडमध्ये लिहून ठेवले की विंडोजवरचा निर्मला यूआय लिनक्सवर नसतो. बदली फॉन्ट येतो आणि त्याच्या ओळीची उंची वेगळी निघते. लेबलला पक्की उंची दिली असेल तर ‘विद्यार्थ्यांची’ मधला रफार किंवा ‘कुटुंब’ मधला उकार कापला जातो. पक्की उंची काढा, लेआउट वापरा. नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स गुजराती अ‍ॅपबरोबर द्या, त्यांचा परवाना तशी मुभा देतो. अ‍ॅड अ‍ॅप्लिकेशन फॉन्टने ते लोड करा आणि सेट फॅमिलीजने क्रम ठरवा. मजकूर आखूड करायला अक्षरे मोजू नका: ‘क्षेत्र’ची पहिली दोन एकके (‘क’ आणि पाय मोडल्याची खूण) घेतली तर नुसते ‘क्’ उरते. त्यासाठी फॉन्ट मेट्रिक्सचे एलायडेड टेक्स्ट आहे. लिनक्सवर पिपने बसवलेल्या पायथॉन अ‍ॅपमध्ये मराठी टाइप होत नसेल तर फसिटिक्सऐवजी आयबस (दोन्ही टायपिंगची साधने) लावून पाहा. फसिटिक्सचा प्लगिन त्या पॅकेजमध्ये येत नाही.

अंकांची गंमत वेगळी. क्यूलोकेल या भाषा-प्रदेशानुसार अंक लिहिणाऱ्या क्लासला मराठी-भारत दिले की रक्कम देवनागरी अंकांत येते, गुजराती-भारत दिले की इंग्रजी अंकांत. ती स्ट्रिंग पुन्हा टू डबलने (स्ट्रिंगचा आकडा करणारे फंक्शन) वाचली तर शून्य मिळते, आणि इंग्रजी किंवा गुजराती मशीनवर चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. पडद्यासाठी क्यूलोकेल वापरा. फाइल आणि डेटाबेससाठी नेहमी सी लोकेल, म्हणजे कोणत्याही भाषेचा नसलेला ठरावीक साचा.

स्टाइलशीटमध्ये बटणाचा फक्त पार्श्वरंग बदलला आणि एखाद्या प्लॅटफॉर्मवर तो दिसला नाही, तर बॉर्डरही द्या. मग फ्यूजन या सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या क्यूटीच्या स्टाइलवर चालवून पाहा. तिथे नीट दिसले तर दोष त्या प्लॅटफॉर्मच्या मूळ स्टाइलमध्ये आहे.

इतके करूनही दोष क्यूटीचाच ठरला तर एक खिडकी आणि एकच विजेट असलेला छोटा प्रोग्राम बनवा, तुमच्या अ‍ॅपचा कोड पाठवू नका. सोबत क्यूटीडायगचे आउटपुट जोडा आणि शेवटची कोणती आवृत्ती बरोबर चालत होती ती लिहा. ते नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याला कोणत्या बदलाने बिघडले ते शोधायला बराच वेळ लागतो.