प्रोसेसर घेताय? आधी आउटपुट मोजा

गणपतीच्या महिनाभर आधी साउंडवाल्या मित्रांचे फोन सुरू होतात, "कुठला प्रोसेसर घेऊ?" (प्रोसेसर म्हणजे मिक्सर आणि ॲम्प्लिफायरच्या मधलं यंत्र; ते आवाज वाटून प्रत्येक ॲम्प्लिफायरला वेगळा पाठवतं.) मी उलट विचारतो, "टॉप (वरचे स्पीकर) किती, बेस किती, ॲम्प्लिफायर किती?" सगळं तोंडपाठ असतं, कागदावर मात्र कधीच मांडलेलं नसतं.

पहिलं काम तेच. डाव्या-उजव्या टॉपमध्ये हॉर्न (उंच सुरांचा) आणि मिड (मधल्या सुरांचा) वेगळ्या ॲम्प्लिफायरवर असतील तर चार आउटपुट गेले, बेसचे दोन धरून सहा. इथे डीबीएक्स कंपनीचा ड्राइव्हरॅक पीए-२ हा प्रोसेसर पुरतो. त्याला दोन इनपुट आणि सहा आउटपुट आहेत. टॉप थ्री-वे, म्हणजे तीन भागांचा, असेल तर सहा तिथेच संपतात, बेसला काही उरत नाही. मग आठ आउटपुटचा घ्या, नाहीतर सगळं मोनो, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकच आवाज, चालवा. मंडपात मोनोने कुणाचं काही बिघडत नाही, हे माझं मत. बेस मिक्सरच्या ऑक्सवरून (जादा आउटपुटवरून) वेगळा पाठवत असाल तर तिसरं इनपुट लागतं. टॉप-बेस ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेले) असतील किंवा ॲम्प्लिफायरमध्येच डीएसपी, म्हणजे हीच प्रोसेसरची सोय, असेल तर बहुधा प्रोसेसर नकोच. ते पैसे चांगल्या केबलवर घाला.

दुसरं, लिमिटर, म्हणजे सिग्नल ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारी सोय. माझ्या मते प्रोसेसरचे पैसे यासाठीच मोजायचे. इक्यू (सूर कमी-जास्त करायची सोय) मिक्सरवरही असतो. लिमिटरची पातळी डीबीयूमध्ये (सिग्नलच्या व्होल्टेजचं माप) भरता येते का, ते दुकानातच बघा, कारण हिशोब त्यातच निघतो. समजा बेसचा स्पीकर ५०० वॉट आरएमएस (सतत झेपणारी ताकद), ८ ओहमचा आहे. ५०० गुणिले ८ म्हणजे ४०००, त्याचं वर्गमूळ साधारण ६३ व्होल्ट. ॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ३२ डीबी, म्हणजे ४० पट. ६३ भागिले ४० केलं की १.५८ व्होल्ट, म्हणजे सुमारे ६ डीबीयू. लिमिटर तिथे किंवा थोडा खाली लावा. त्याच चॅनेलवर दुसरा तसाच स्पीकर पॅरलल जोडला तरी आकडा तोच, कारण दोघांना व्होल्टेज सारखंच मिळतं. इथे भले भले चुकतात. हॉर्नचा हिशोब वेगळा करा आणि त्याला पीक लिमिटर (क्षणिक उसळी अडवणारा) हवाच.

तिसरं, डिले, म्हणजे आवाज मुद्दाम उशिरा सोडणं. मागच्या लोकांसाठी ३० मीटरवर जादा स्पीकर लावलात तर २८ अंश तापमानात पुढच्या स्पीकरचा आवाज तिथे पोचायला सुमारे ८६ मिलिसेकंद घेतो. जादा स्पीकरला तेवढा उशीर द्यायचा, म्हणून आउटपुटचा डिले १०० मिलिसेकंदांच्या पुढे जायला हवा. त्या स्पीकरसाठी एक आउटपुट आधीच कागदावर धरा.

चौथं, दुकानात आउटपुटला ॲम्प्लिफायर आणि त्याला एक जुना स्पीकर जोडायला लावा आणि प्रोसेसर चालू असतानाच त्याची वीज बंद करून परत लावा. धप्प आवाज आला तर नको. जत्रेत लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत हेच होणार आहे. सेटिंगला पासवर्डचं कुलूप आहे का, तेही बघा; कार्यक्रमात हौशी हात फार.

घरी आणल्यावर एकेक आउटपुट हळू आवाजात ऐका, हॉर्न सगळ्यात शेवटी जोडा. मी एकदा घाईत मिड आणि हॉर्नच्या केबल उलट लावल्या होत्या. पहिल्याच ढोलकीला "टक्" झालं आणि हॉर्नचे दोन्ही डायफ्राम (आतले पातळ पडदे) गेले.