रुथेनियम फिल्मचा उजेड पाचव्या स्कॅनलाच उतरत होता, त्यावरचा उपाय

व्होल्टेज दिल्यावर रुथेनियमचं संयुग इलेक्ट्रोडवर उजेड देतं; ते धरून ठेवायला नॅफिऑन (आयन धरणारं पॉलिमर) आणि कार्बन नॅनोट्यूब (अतिसूक्ष्म नळ्या) यांची पातळ फिल्म लावतात. स्कॅन म्हणजे व्होल्टेज वर-खाली नेण्याची एक फेरी. साताऱ्याच्या पावसाळी हवेत ही फिल्म पांढरट पडते आणि कडेने सुटते. फिल्मचं द्रावण थेंबाने इलेक्ट्रोडवर टाकतात; त्यातलं इथेनॉल उडताना थेंब गार होतो, त्यावर हवेतली वाफ बसते. थेंब टाकल्याबरोबर इलेक्ट्रोडवर उलटी पेट्री डिश घालायची, आत ओल शोषणारी निळी सिलिका जेल. रात्रभर तसंच राहू द्यायचं, हेअर ड्रायर अजिबात नको.

३ मिमीचा ग्लासी कार्बन (काचेसारखा कठीण कार्बन) इलेक्ट्रोड आधी ०.३, मग ०.०५ मायक्रॉन अॅल्युमिनावर घासून घेतला. ५ टक्के नॅफिऑन इथेनॉलने दहापट पातळ केलं, १ मिलीला १ मिग्रॅ नॅनोट्यूब, अर्धा तास सोनिकेटर. थेंब ५ मायक्रोलिटर. आधी १० टाकत होतो, खरी चूक तीच: जाड फिल्ममध्ये रुथेनियम आत अडकतं, इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचत नाही. मग १ मिलिमोलर रुथेनियम-बायपिरिडिनमध्ये (उजेड देणारं संयुग) अर्धा तास बुडवून बफरने धुतलं.

उजेडासाठी रुथेनियमच्या जोडीला लागणारं ट्रायप्रोपिलअमीन बफरमध्ये सहज विरघळत नाही, फॉस्फोरिक आम्ल थेंबथेंब घालत पीएच ७.५ वर आणा. पीएच ६ च्या खाली गेला की उजेड घटतो, आणि दोष उगाच फिल्मवर येतो! स्कॅन ०.२ ते १.२ व्होल्ट, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत.