आईबाबांचा पहिला विमानप्रवास पारावर दहा वर्षं सांगण्यासारखा कसा करायचा

आमच्या यवतमाळकडं आता बऱ्याच घरातलं पोरगं नाहीतर पोरगी पुण्या-मुंबईला आहे अन् वर्षा-दोन वर्षातून आईबाबांना एकदा विमानानं नेतातच, पण होते काय की नागपूरला बसवते, मुंबईला उतरवते, मधात दोघंही झोपते, अन् गावात आल्यावर पारावर कोणी विचारलं की काय गा, कसं होतं इमान, तर बाबा म्हणते "चांगलं होतं". संपलं. एवढा खर्च केला, माणूस दहा किलोमीटर उंच जाऊन आला अन् सांगायला एक शब्द नाही, मला याचं फार वाईट वाटते. म्हणून मी चार-पाच वेळा घरच्यांना नेऊन जे शिकलो ते लिहून ठेवतो. बिझनेस क्लास लागत नाही, महागडं काही लागत नाही, फक्त थोडी तयारी लागते.

सगळ्यात पहिली गोष्ट सीट. खिडकीची सीट घ्या, दोनशे-चारशे जास्त लागले तरी घ्या, अन् कोणत्या बाजूची ते ठरवून घ्या, नुसतं खिडकी-खिडकी करू नका. मोठ्या विमानात ए म्हणजे तोंड समोर करून बसलं की डावी खिडकी अन् एफ म्हणजे उजवी. पंख साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेपर्यंत येते, तिथं बसलं की खाली फक्त पंखाचा पत्रा दिसते, म्हणून एकतर पुढच्या रांगा पाहा नाहीतर पंचविसाच्या मागच्या. नागपूरहून मुंबईला जाताना मी डोळे मिटून ए सांगतो, अन् त्याचं कारण लोणार आहे.

नकाशावर नागपूर ते मुंबई सरळ रेघ ओढून पाहा, लोणार त्या रेघेच्या दक्षिणेला तीस-बत्तीस किलोमीटरवर येते, म्हणजे डाव्या हाताला. विमान उडाल्यावर साधारण पंचवीस ते तीस मिनिटांनी खिडकीतून पुढच्या बाजूला पाहत राहायचं. रूट रोज थोडा इकडंतिकडं होते अन् धुकं असलं तर काही दिसत नाही हे आधीच सांगून ठेवतो, पण दिवाळीच्या मागंपुढं पावसानं हवा धुतलेली असते तेव्हा सकाळच्या विमानात चांगला चान्स असते. दुपारनंतरच्या विमानात ऊन समोरून येते अन् खाली सगळं पांढरं दिसते, त्यामुळे सकाळचंच घ्या.

आई माझ्यासोबत दुसऱ्यांदा आली तेव्हा दिसलं. लहान होतं, हात लांब केला तर अंगठ्यामागं झाकून जाईल एवढं, पण एकदम गोल, आजूबाजूला वावरांचे चौकोन-चौकोन अन् मधात ही काळपट हिरवी गोल वाटी. आईनं पदर सावरला, काचेला नाक लावलं अन् मला म्हणे, "बाबू, हे तं लोणार होय का? आपण एसटीनं गेलतो ते?" मी हाव म्हटलं. मग ती बराच वेळ काही बोललीच नाही, विमान पुढं निघून गेलं तरी मान मागं वळवून पाहत होती. उल्का पडून झालेलं जवळपास 1.8 किलोमीटर रुंद विवर आहे ते, 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा सगळीकडं बातमी होती, पण काठावर उभं राहून ते एका नजरेत मावत नाही अन् वरून मावते. गावातल्या बायका आजही तिला ते विचारतात.

सीटबद्दल अजून एक सांगतो कारण मी त्यात फसलो आहे. बाबांसाठी पैसे भरून ए सीट घेतली, विमानात जाऊन पाहतो तर त्या रांगेला खिडकीच नाही, सरळ भिंत. काही विमानांत एखाद्या रांगेच्या आतून एसीचा पाइप जाते म्हणून तिथं खिडकी नसते, बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही. बाबा दीड तास भिंतीकडं पाहत बसले अन् एका शब्दानं बोलले नाही, मलाच कसंतरी होत होतं. तेव्हापासून मी कंपनी अन् विमानाचं मॉडेल टाकून त्या सीटचे लोकांनी टाकलेले फोटो आधी पाहतो अन् मगच पैसे भरतो.

अमरावती, दर्यापूर, अचलपूरकडच्या लोकांना तर अजून भारी सोय झाली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईची सेवा सुरू झाली ती एटीआर विमानानं. वेळापत्रक बदलत राहते, ते आधी पाहून घ्या. एटीआर म्हणजे पंख्याचं विमान, सत्तरेक सीटचं, लोक त्याला लहान म्हणून नाक मुरडते पण पाहणाऱ्यासाठी ते मोठ्यापेक्षा चांगलं. एकतर दोन-दोन सीटा, मधली सीटच नाही. दुसरं म्हणजे पंख डोक्यावर असते त्यामुळे खाली पाहायला आडवं काही येत नाही, अन् ते उडतेही जरा खालून, तर नद्या, तलाव, रस्ते ओळखू येते. अन् मधातल्या खिडकीतून चाकं आत जाताना अन् उतरायच्या वेळी बाहेर येताना दिसते, लहान पोरं सोबत असली तर तीच सीट घ्या.

आता बॅग. यात आपल्याकडच्या लोकांची जास्त अडचण होते कारण आपण रिकाम्या हातानं कोणाकडं जात नाही. साध्या तिकिटात देशातल्या देशात बहुतेक ठिकाणी चेक-इनला, म्हणजे काउंटरवर देऊन टाकायच्या मोठ्या बॅगेत, 15 किलो अन् हातात 7 किलो असते, घरून धान्याच्या काट्यावर मोजूनच निघा. तिखटाची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही, भिवापुरी मिरचीची असली तरी नाही, ती चेक-इनच्या बॅगेत टाका. लोणचंही तिकडंच, बरणीला दोन पिशव्या बांधून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इनमध्येही टाकू नका, तेलकट असते म्हणून पेट घेण्याची भीती असते. माचिस, लायटर कुठंच नाही. पॉवर बँक उलटी, ती हातातच ठेवायची, चेक-इनमध्ये टाकायची नाही. संत्री बिनधास्त न्या.

अन् पानपुडा तपासा. बाबांच्या पानपुड्यात आजोबांच्या वेळचा पितळी अडकित्ता होता, मी बॅग भरून दिली अन् तेवढंच पाहायचं विसरलो. सिक्युरिटीत तो निघाला. त्यांचं काही चुकलं नाही, धारेची वस्तू आहे, नियम आहे, पण मोठी बॅग आधीच आत गेली होती अन् सोडायला आलेलं पोरगं परत निघून गेलं होतं. अडकित्ता तिथंच राहिला. बाबा फक्त म्हणाले, "जाऊ दे, जुना झाल्ता." तो जुना होता म्हणूनच तर. तुम्ही घरूनच पाहून घ्या, अन् सोडायला आलेल्या माणसाला सिक्युरिटी होईपर्यंत बाहेर थांबवा.

तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. देशातल्या विमानाचं काउंटर बहुतेक ठिकाणी एक तास आधी बंद होते, पण आईबाबांना घेऊन जाताना मी दोन-अडीच तास आधीच पोचतो, धावपळीत पोचलेल्या माणसाला काही दिसत नाही अन् काही लक्षातही राहत नाही. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून ठेवा, लाजायचं नाही.

अन् हा मधातला वेळ रिकामा जाऊ देऊ नका. आपलं नागपूरचं सोनेगाव विमानतळ काय होतं ते बाबांना तिथंच बसून सांगा. 1949 मध्ये देशात रात्रीची टपाल विमानं सुरू झाली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता अन् मद्रासहून रात्री एकेक विमान निघायचं अन् चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला यायची, कारण नागपूर सगळ्यांच्या मधात. तिथं पोते बदलायचे, प्रवासीही बदलायचे, अन् पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. म्हणजे दिल्लीच्या माणसानं मद्रासला लिहिलेलं पत्र आपल्या नागपुरात विमान बदलून जायचं. बाबा हे ऐकून ताठ बसले, अन् पारावर सगळ्यात आधी त्यांनी हेच सांगितलं.

विमानात बसल्यावर काय काय दाखवायचं ते आता सांगतो. वर चढताना अन् उतरताना कान दडपते, आवंढा गिळायचा, खडीसाखर नाहीतर गोळी तोंडात ठेवायची, बाळ असलं तर त्याला त्याच वेळी दूध पाजायचं. उडाल्यावर थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज एकदम कमी होते, नवा माणूस घाबरते, इंजिन बंद पडलं असं वाटते, तर ते आधीच सांगून ठेवा, चढायला लागणारा जोर पायलट कमी करते, एवढंच. खिडकीच्या काचेत खालच्या बाजूला सुईनं पाडल्यासारखं एक बारीक भोक असते ते दाखवा, काचांमधल्या अन् आतल्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ठेवलेलं असते, अन् वर गेल्यावर त्या भोकाभोवती बर्फाचे बारीक काटे जमते. बाहेर तेव्हा उणे 35-40 च्या आसपास असते. खाली आपल्या वावरात मे महिन्यात 46-47 अन् वर तिथंच दहा किलोमीटरवर असं, हे आमच्या शेजारच्या काकांना आजही पटत नाही.

पावसाळ्यात गेले तर खाली जमीन दिसणार नाही पण त्याचीही भरपाई आहे. सूर्य ज्या बाजूला आहे त्याच्या उलट्या बाजूच्या खिडकीतून खाली ढगांवर पाहायचं. विमानाची सावली दिसते अन् त्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य, पूर्ण गोल, त्याला ग्लोरी म्हणतात. ढगातल्या बारीक थेंबांतून उजेड मागं फिरून येते त्यानं ते होते. अन् खरी सांगण्यासारखी गोष्ट ही की त्या गोलाचा मध्य पाहणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवर असते, विमान ढगाच्या जवळ असलं की सावलीत नीट ओळखू येते, पुढं बसलेल्याला त्याच्या सीटभोवती दिसते अन् मागं बसलेल्याला त्याच्या. ज्याचं त्याचं वेगळं.

ढगांचं म्हणाल तर सगळे त्यांना कापूस म्हणते. मीही आईला म्हटलं, पाहा कसा कापूस पिंजून टाकला. जन्मभर कापूस वेचलेली बाई ती, लगेच म्हणे, "कापूस असा कोठी असते बाबू, हे तं वखरलेलं वावर होय." पाहिलं तर खरंच, ढगांच्या ओळीच्या ओळी, मधात तास पडल्यासारखे. म्हणून त्यांना काय दिसते ते त्यांनाच सांगू द्या, आपण आपले शब्द घुसवू नका.

आत शिरताना दारात उभ्या असलेल्या ताईंना हळूच सांगा की आईबाबांचं पहिलं विमान आहे. खाण्याच्या ट्रॉलीच्या वेळी सांगू नका, तेव्हा त्यांना वेळ नसते. कधी एखादं कार्ड लिहून देते, कधी येऊन दोन शब्द बोलते. उडत असताना पायलटच्या खोलीत जाता येत नाही, पण उतरल्यावर सगळे निघून गेले की नम्रपणे विचारून पाहायला हरकत नाही, पायलटची मर्जी असली तर दारातून बघू देते. आम्हाला एकदाच मिळालं. बाबांना किती बटणं होती ते सांगता येत नाही, पण पायलट पोरगी होती अन् तिनं उठून नमस्कार केला हे ते प्रत्येकाला सांगते.

मुंबई जवळ आली की झोपलेल्याला उठवा. घाट उतरला की खाडी, मिठागरं, अन् मग घरांची एवढी दाटी की जमीनच दिसत नाही, तेव्हा आई हळूच म्हणे "एवढे लोक राह्यते कुठी, अन् हागाले जाते कुठी". हेही पारावर, म्हणजे बायकांच्या पारावर, फार चाललं.

शेवटचं काम बोर्डिंग पासचं. मोबाइलवर असला तरी काउंटरवरून कागदी घ्याच. अन् त्याची लगेच झेरॉक्स काढा कारण तो कागद बिलाच्या कागदासारखा असते, वर्षभरात अक्षरं उडते. बाबांनी पहिला पास सातबाऱ्याच्या फाइलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता, मागच्या पोळ्याला कोणाला तरी दाखवायला काढला तर कोरा पांढरा कागद निघाला. आता दिवाळीला परत नेतो आहे. जाताना आईला ए अन् मुंबईहून येताना बाबांना एफ, कारण परतीला लोणार उजव्या हाताला येते, अन् ते त्यांनी अजून वरून पाहिलं नाही.