हेल्मेटच्या काचेला वाफ धरते? थंडीत या चुका टाळा

सोलापूरकराला हेल्मेटची तक्रार विचारा, तो उन्हाळ्याचीच सांगेल. पारा चाळिशीच्या वर, आत डोकं उकडतंय, कपाळावरून घाम डोळ्यांत. थंडी आमच्याकडे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपुरती पाहुणी येते, असा आमचा समज. त्यामुळे काचेला वाफ धरली की आपल्याला दोनच उपाय सुचतात. एक म्हणजे काच वर करून डोळ्यांतून पाणी गाळत जायचं. दुसरा म्हणजे हेल्मेट काढून आरशाला लटकवायचं.

गेले चार हिवाळे मी सकाळी सहाच्या आत सोलापुरातून मोहोळला निघतो. शहराच्या टोकाला असलेल्या बाळ्यापर्यंत काही होत नाही, हवा थंड असते पण कोरडी. पुढे लांबोटीजवळ सीनेचा पूल आला की हवेचा पोतच बदलतो. खाली नदी, आजूबाजूला पाणी पाजलेला ऊस, आणि काच एखाद्या मिनिटात पांढरी. पहिल्या हिवाळ्यात तिथेच मी चालत्या गाडीवर हातमोज्याच्या बोटाने काच आतून पुसली. वाफ गेली नाही, तिचे फराटे झाले. पलीकडच्या लेनमधले लाइट त्या फराट्यांवर पसरले आणि त्यांच्या मागे उसाची डबल ट्रॉली होती, लाल दिवा नसलेली. ब्रेक लागला, गाडी थोडी सरकली, लोंबणारा एक ऊस जवळजवळ हँडलला लागला. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर जाते. पुसायला मी दोन सेकंद तरी घेतले असतील.

पुसून वाफ का जात नाही, ते कळलं की बाकीच्या चुका आपोआप दिसतात. आपला श्वास बाहेर पडतो तेव्हा साधारण 34 अंशांचा असतो आणि ओलाव्याने भरलेला. त्या तापमानाच्या घनमीटरभर हवेत सुमारे 37 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. 14 अंशांना जेमतेम 12 ग्रॅम. काच बाहेरच्या वाऱ्याने 14 अंशांवर आलेली असते, तिच्याजवळ श्वास पोचला की उरलेलं पाणी बारीक थेंब होऊन तिथेच बसतं. म्हणजे पुसलेल्या जागी पुढचा श्वास पुन्हा थेंब ठेवून जाणार. श्वास काचेपर्यंत जाऊ न देणं, गेलाच तर लगेच बाहेर काढणं, आणि तरीही पाणी बसलंच तर त्याचे थेंब होऊ न देणं, एवढंच आपल्या हातात आहे.

मफलर नाकावर बांधणे

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती आपल्याला चूक वाटतच नाही. धुळीमुळे बारा महिने तोंडाला रुमाल बांधायची आपल्याला सवय. हिवाळ्यात त्या जागी मफलर येतो. कापड नाकाच्या शेंड्यावरून घट्ट गेलं की श्वासाला खाली वाट राहत नाही. तो गालांच्या वरच्या फटीतून निघतो, म्हणजे थेट डोळ्यांसमोर. शिवाय दहा मिनिटांत कापड दमट होतं आणि हेल्मेटच्या आत एक ओली घडीच टांगल्यासारखं होतं.

मफलर गळ्याला आणि हनुवटीखाली गुंडाळा, नाक मोकळं ठेवा. नाक गारठतं, मान्य आहे. फारच बोचत असेल तर पातळ बालाक्लावा, म्हणजे डोकं-मान झाकणारी कापडी टोपी, घाला आणि त्याची कड नाकाखाली ओढून ठेवा. हेल्मेटला नाकाजवळ रबराची किंवा कापडाची पट्टी येते, ती श्वास खाली वळवण्यासाठीच असते. उन्हाळ्यात गुदमरतंय म्हणून आपण ती उपटून काढतो आणि कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये टाकतो. ती शोधा. सिग्नलला वाफ धरायला लागली तर वरचा ओठ जरा पुढे काढून बासरीत फुंकल्यासारखा श्वास खाली सोडा. शेजारचा गाडीवाला बघेल, बघू दे.

हवेची भोकं बुजवणे

माझ्या मित्राने हनुवटीजवळच्या व्हेंटवर चिकटपट्टी मारली होती. वर मलाच म्हणाला, "काय करालाव बे, तू बी लाव की, वारा यायचा बंद होतंय!" वारा बंद झाला आणि शहर सोडायच्या आत काच पांढरी झाली. समोरून आलेली हवा काचेच्या आतून वर चढते आणि मागच्या भोकांतून ओलावा घेऊन निघून जाते. थंडीत हनुवटीचा व्हेंट उघडाच हवा. डोक्यावरचा फार गार लागला तर अर्धा करा, पण मागची भोकं बंद करू नका. आपल्याकडची बारीक धूळ या भोकांत बसून बसून थर करते. अस्तर निघत असेल तर काढून जुन्या टूथब्रशने आतून-बाहेरून घासा. मी पहिल्यांदा घासलं तेव्हा चिमूटभर माती निघाली होती. हनुवटीखाली गार वारा अडवणारं कापड लावलं असेल तर वाफेच्या दिवसांत तेही काढून ठेवा.

सिग्नलला काच गच्च बंद ठेवणे

व्हेंट कितीही चांगला असला तरी त्याला वारा लागतो आणि वारा गाडी चालली तरच मिळतो. सात रस्त्याला सिग्नलवर उभे असताना आतली हवा हलतच नाही. थांबायच्या थोडं आधीच काच एक खाच वर करा, सुटल्यावर वेग आला की खाली. वाफ धरल्यावर काच उघडण्यापेक्षा धरायच्या आधी उघडणं कितीतरी सोपं. काचेला पहिली खाच बारीक असेल तर सावकाश गाडी चालवताना ती तशीच ठेवली तरी चालते.

टॉवेलने पुसणे आणि घरातले 'रामबाण' उपाय

सोलापुरात टॉवेल नसलेलं घर नाही आणि हाताला येईल तो टॉवेल काचेवर फिरवायची खोड आपल्या सगळ्यांना आहे. टॉवेल मऊ असतो, काचेवरची धूळ मऊ नसते. हेल्मेटची 'काच' ही काच नसून पॉलिकार्बोनेट असतं. ते फुटायला चिवट, पण ओरखडा पटकन धरणारं. एकदा बारीक ओरखडे पडले की रात्री प्रत्येक हेडलाइटचा तारा दिसतो.

पेट्रोल, थिनर, अमोनियाचा ग्लास क्लीनर यांपैकी काहीही लावू नका. पॉलिकार्बोनेट त्याने खराब होतं, केसासारख्या भेगा पडू शकतात. टूथपेस्ट आणि भांड्यांची वडी या दोन्हींत घासणारी पावडर असते, तीही नको. एका दुकानात मला गाडीच्या काचेचं पॉलिश 'याच कामाचं' म्हणून गळ्यात मारलं होतं. त्याने काच चकचकीत झाली आणि वाफ होती तेवढीच राहिली.

खरंच चालतो तो भांडी घासायचा लिक्विड साबण. मी रविवारी रात्री बसतो. काच काढून कोमट पाण्याखाली धरतो, हात न लावता धूळ वाहू देतो, सुती कापडाने टिपून घेतो. मग आतल्या बाजूला साबणाचा एकच थेंब टाकून बोटाने कडेपर्यंत पसरवतो. काच दुधाळ दिसायला लागते. पाच मिनिटं वाळू देतो आणि कोरड्या, धुतलेल्या जुन्या बनियनने हलक्या हाताने पुसत राहतो. दुधाळपणा जातो, पातळ थर उरतो. आता पाणी धुवायला वापरायचं नाही, तिथेच सगळे चुकतात. साबणाच्या थरावर पाणी थेंब न होता सपाट पसरतं, त्यामुळे आरपार दिसतं. दोन थेंब टाकले तर डोळे झोंबतात, हेही स्वानुभवाने सांगतो. एक-दोन दिवसांनी पुन्हा करावं लागतं. काचेला कंपनीचा वाफरोधक थर असेल तर मात्र हे करू नका, तो थर उतरेल.

पिनलॉक बसवूनही वाफ धरते?

पिनलॉक म्हणजे हेल्मेटच्या काचेवरच्या दोन पिनांमध्ये अडकून आतून बसणारी दुसरी पातळ काच. तिच्या कडेला सिलिकॉनची गोट असते, दोन्हींच्या मध्ये हवा कोंडली जाते, त्यामुळे आतला थर गार पडत नाही. वाफ दोन थरांच्या मधोमध दिसली तर गोट कुठेतरी सुटली आहे असं समजा. बऱ्याच काचांच्या पिना मध्यापासून किंचित एका बाजूला असतात, त्या थोड्या फिरवल्या की ताण येतो आणि गोट चिकटते. आतल्या थरावर साबण लावायचा नाही. काचेला पिना नसतील तर हा प्रकार बसणारच नाही, हे विकत घेण्याआधी बघा.

बारीकसारीक

रात्रभर हेल्मेट गाडीवर राहिलं की काच निघण्याआधीच गारठलेली असते, घरात ठेवा. ओल्या केसांवर घालू नका, दमट अस्तर डिकीत कोंडू नका. चष्मा असेल तर तो काचेच्या आधी पांढरा होतो, त्याला चष्म्याच्या दुकानातला वाफरोधक स्प्रे घ्या. साबण चष्म्याच्या कोटिंगवर नको. आणि पहाटे निघणाऱ्याने काळी काच लावूच नये, वाफ धरली काय नि नाही काय, तिच्यातून ट्रॉली दिसत नाही.

एक चाचणी मात्र प्रत्येकाने करावी. काच धूसर झाली की बाहेरून बोट फिरवा. बोटाची रेघ स्वच्छ उमटली तर ती वाफ नाही, धुक्याचे थेंब आहेत, आणि आतले सगळे उपाय तिथे फुकट. ते बाहेरून पुसायचे. हातमोज्याच्या अंगठ्यावर रबरी पट्टी असेल तर उत्तम. दोन्ही बाजूंनी धूसर होत असेल, लांबोटीला डिसेंबर-जानेवारीत होतंच, तर गाडी रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यावरून पूर्ण खाली उतरवून, दिवा चालू ठेवून एखाद्या हॉटेलासमोर लावा. चहा घ्या, चिवडा घ्या, काच टेबलावर उघडी ठेवा. आठ-साडेआठला ऊन वर आलं की पूल पुन्हा दिसायला लागतो.