डोळ्यांत थेंब टाकताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो. दुपारी गाडीवर झळा खात घरी यायचं आणि लगेच कूलरसमोर बसायचं. डोळे कोरडे पडणारच. माझ्या आईचे पडले. डॉक्टरांनी चार वेळा थेंब टाकायला सांगितले होते. चुरचुर थांबेना म्हणून ती दहा-दहा वेळा टाकू लागली आणि डोळे आणखी लाल झाले.

चुरचुरलं की टाक थेंब. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून थेंबांत संरक्षक द्रव्य घालतात, बहुतेक वेळा बेन्झाल्कोनियम क्लोराइड. ते साबणासारखं काम करतं. अश्रूंवरचा तेलकट थर ते मोडतं, मग पाणी लवकर उडून जातं आणि बुबुळावरच्या पेशींनाही इजा होते. म्हणजे ज्यासाठी थेंब टाकले तेच दुखणं वाढतं. दिवसातून चार-सहा वेळांहून जास्त गरज पडत असेल, तर संरक्षक नसलेले थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर आधीच सांगा. त्यांतही बऱ्याचदा हेच द्रव्य असतं आणि दोन्हींची मात्रा एकाच डोळ्यात साठत जाते.

लेबल न वाचणं. अक्षरं बारीक असतात, पण मोबाइलवर फोटो काढून मोठी करता येतात. ‘स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स’ असं लिहिलं असेल तर ते संरक्षक त्यामानाने सौम्य. डोळ्यात गेल्यावर त्याचं मीठ, पाणी आणि प्राणवायू होतो.

छोटी कुपी जपून ठेवणं. एकदाच वापरायच्या कुप्या महाग पडतात, म्हणून उरलेलं औषध उद्यासाठी ठेवावंसं वाटतं. तिच्यात जंतू रोखणारं काहीच नसतं, हे लक्षात घ्या. पाकिटावर दिलेल्या वेळेनंतर ती फेकायचीच. मोठी बाटलीही फोडल्यापासून साधारण महिनाभरच वापरायची. तारीख पेनानं वर लिहून ठेवा.

मेडिकलमधून ‘लाली घालवणारे’ थेंब आणणं. ते रक्तवाहिन्या आकसवतात. कोरडेपणा तसाच राहतो आणि थेंब बंद केले की लाली जास्त जोरात परतते. स्टेरॉइडचे थेंब तर स्वतःच्या मनानं कधीच टाकू नका, डोळ्यातला दाब वाढतो.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स थेंबांतलं संरक्षक शोषून घेतात. त्या काढूनच थेंब टाका आणि १५ मिनिटांनी परत लावा.

नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या जागेवर, किंवा कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांनी थेंबांआधी गॉगल घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. आणि डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधूक दिसू लागलं असेल, तर थेंब बदलत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.